पिन काढली तरी स्पीकर मुका: लिनक्सवर हेडफोन जॅक न ओळखण्याची अडचण

रत्नागिरीहून ताईचा फोन आला की निम्म्या वेळा विषय एकच असतो. "अरे, परत गेला बघ आवाज." ताई ऑनलाइन गाणं शिकवते. तानपुरा लॅपटॉपवरच वाजतो आणि त्याचा सूर मायक्रोफोनमध्ये परत शिरू नये म्हणून तिला हेडफोन लागतातच. शिकवणी संपली की पिन काढायची आणि रेकॉर्डिंग स्पीकरवर लावून पुन्हा ऐकायचं, हा तिचा रोजचा शिरस्ता. पिन घातल्यावर स्पीकर बंद होणं आणि काढल्यावर चालू होणं एवढीच तिची अपेक्षा. दीड वर्षात तिचा लॅपटॉप नेमका इथेच तीनदा अडला.

तिन्ही वेळा तिची तक्रार आवाज गेल्याचीच होती, कारणं मात्र तीन आणि तिन्ही वेगवेगळ्या मजल्यांवरची. पहिल्यांदा जो उपाय लागू पडला तो दुसऱ्यांदा फुकट गेला, आणि तिसऱ्यांदा तर सॉफ्टवेअरमध्ये हात घालायचं कारणच नव्हतं. म्हणून "हा हुकूम चालवा, होईल" अशा सल्ल्यावरचा माझा विश्वास उडाला. पिन घातल्याची बातमी कुठे अडली ते आधी शोधायचं आणि मग हात लावायचा. लिनक्स पुन्हा इन्स्टॉल करणं हा तर यावरचा उपाय अजिबात नाही. ताईच्या तीनपैकी दोन अडचणी नव्या इन्स्टॉलनंतरही जशाच्या तशा परत आल्या असत्या, आणि उरलेली एक सेटिंग बदलून सुटली.

तिच्याकडे लिनक्स मिंट २२ आहे आणि शेजारी विंडोज, कारण भाच्याला कॉलेजच्या कामासाठी ते लागतं. खाली हुकूम उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन अक्षरांत टाइप करायचे.

पिन घातल्याची बातमी कशी वर जाते

साडेतीन मिलिमीटरच्या जॅकमध्ये पितळी पट्ट्या असतात. पिन आत गेली की एक पट्टी किंचित बाजूला ढकलली जाते आणि एक छोटा स्विच उघडतो किंवा मिटतो. तो "टक्" आवाज म्हणजे पट्टी पिनच्या खाचेत बसल्याची खूण. हा स्विच एका रोधामार्फत ऑडिओ चिपच्या, म्हणजे कोडेकच्या, सेन्स नावाच्या पायाला जोडलेला असतो. एकाच पायावर चार जॅक ओळखता यावेत म्हणून प्रत्येकाचा रोध वेगळा ठेवतात: ५.१, १०, २० आणि ३९.२ किलो-ओहम. पायावर एकूण रोध किती भरतो यावरून कोडेकला कळतं की कुठल्या जॅकमध्ये काय घातलंय. इंटेलने २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ नावाचं जे मानक आणलं त्यावर आजही बहुतेक लॅपटॉपचा आवाज चालतो, आणि ही पद्धत तिथलीच.

मग कोडेक कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, आपणहून निरोप धाडतो. कर्नलमधला अल्सा या आवाजाच्या यंत्रणेचा ड्रायव्हर तो निरोप घेऊन दोन कामं करतो. ऑटो-म्यूट चालू असेल तर स्पीकर स्वतःच बंद करतो, आणि "हेडफोन जॅक" नावाचं एक कंट्रोल ऑन करून ठेवतो. त्याच्या वरच्या मजल्यावर पाईपवायर असतं, प्रोग्रामांचा आवाज योग्य जागी पोचवणारं. जुन्या वितरणांत तिथे पल्सऑडिओ असायचं. उबंटूने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये २२.१० पासून पाईपवायर घेतलं आणि मिंटने २२ पासून. पाईपवायर ते कंट्रोल वाचून "स्पीकर" हा पोर्ट सोडतं आणि "हेडफोन्स" हा पोर्ट धरतं. त्यात ते स्पीकरचा आवाज आपल्या बाजूनेही बंद करतं.

म्हणजे स्पीकर बंद करणारे हात दोन आहेत, एक कर्नलचा आणि एक पाईपवायरचा. बरेच लोक इथेच गोंधळतात: एक हात उघडतात, दुसरा तसाच मिटलेला राहतो, आणि उपाय चुकला असं वाटतं.

सगळ्यात आधी कर्नलला विचारा

माझा आता नियमच झालाय की पहिला हुकूम हाच:

अमिक्सर -सी० कंटेंट्स

लांबलचक यादी येते. त्यात "हेडफोन जॅक" असं नाव शोधा. त्याच्या खाली दोन ओळींवर "व्हॅल्यूज=ऑन" किंवा "व्हॅल्यूज=ऑफ" दिसेल. पिन घालून हुकूम चालवा, पिन काढून पुन्हा चालवा. यादीत हे नावच सापडलं नाही तर कदाचित तुम्ही चुकीच्या कार्डाला विचारताय. एचडीएमआयचं कार्ड कधीकधी शून्य क्रमांक घेऊन बसतं आणि खरं कार्ड एकवर असतं. "कॅट /प्रॉक/एसाउंड/कार्ड्स" केलं की क्रमांक कळतात.

याहून बोलकं साधन म्हणजे ईव्हीटेस्ट. त्याच नावाचं पॅकेज घाला, "सुडो ईव्हीटेस्ट" चालवा आणि यादीतलं शेवटी हेडफोन लिहिलेलं उपकरण निवडा. मग टर्मिनल तसंच उघडं ठेवून पिन आत-बाहेर करा. दर वेळी "एसडब्ल्यू_हेडफोन_इन्सर्ट" अशी एक ओळ येते, पिन आत गेल्यावर शेवटी १, बाहेर आल्यावर ०. पिन सावकाश घाला, अर्ध्यावर थांबा, जरा फिरवा. नेमक्या कुठल्या क्षणी कर्नलला पत्ता लागतो ते डोळ्यांनी दिसतं. मला स्वतःला ही चाचणी फार आवडते, कारण ताईला फोनवरूनही ती करता आली. "एक आला… शून्य… परत एक" असं ती वाचत गेली आणि मला इकडे बसून सगळं कळलं.

या एका चाचणीने वाट फुटते. ऑन-ऑफ बरोबर होत असेल तर पिन ओळखण्यापुरते जॅक, कोडेक आणि कर्नल ठीक आहेत, दोष आधी वरच्या मजल्यावर शोधायचा. ते बदलतच नसेल तर पाईपवायरच्या सेटिंगमध्ये घालवलेला प्रत्येक तास वाया.

पहिली खेप: बातमी पोचली, ऐकणारं कोणी नव्हतं

पहिल्या वेळी ऑन-ऑफ अगदी चोख होतं. पिन काढली की कर्नल म्हणे ऑफ, तरी स्पीकर गप्प. "अल्सामिक्सर" उघडून एफ६ ने कार्ड निवडलं, तर स्पीकरच्या पट्टीखाली "एमएम" दिसत होतं, म्हणजे म्यूट. तिथे जाऊन एम दाबलं की "००" होई आणि आवाज येई. पण पिन घातली तरी स्पीकर आणि हेडफोनच्या पट्ट्या जागच्या हलत नव्हत्या. पाईपवायर पोर्ट बदलतच नव्हतं.

पॅव्हूकंट्रोल हे आवाजाच्या सेटिंगचं साधन उघडल्यावर उलगडा झाला. शेवटच्या, कॉन्फिगरेशनच्या टॅबमध्ये कार्डाचं प्रोफाइल "प्रो ऑडिओ" होतं. भाच्याने काहीतरी रेकॉर्ड करताना ते निवडलं होतं. या प्रोफाइलमध्ये पाईपवायर कार्डाचे कच्चे चॅनेल जसेच्या तसे हातात देतं, पोर्ट वगैरे भानगड ठेवत नाही, आणि कार्डाच्या मिक्सरलाही हात लावत नाही. ज्याला अनेक चॅनेलच्या ऑडिओ इंटरफेसवर रेकॉर्डिंग करायचंय त्याच्यासाठी ते बरोबर आहे. ताईच्या लॅपटॉपवर मात्र घोटाळा असा झाला: पिन आत असताना पाईपवायरने स्पीकर बंद केला होता, तेवढ्यात प्रोफाइल बदललं, आणि मग स्पीकर उघडायची जबाबदारी कोणाकडेच उरली नाही.

प्रोफाइल परत "अ‍ॅनालॉग स्टिरिओ ड्युप्लेक्स" केलं आणि काम झालं. एवढंच.

तुमच्याकडे प्रोफाइल बरोबर असूनही पोर्ट बदलत नसेल तर दोन गोष्टी बघा. "पॅक्टीएल लिस्ट कार्ड्स" च्या उत्तरात प्रत्येक पोर्टपुढे तो उपलब्ध आहे, नाही, की माहीत नाही ते लिहिलेलं असतं. पिन घालून-काढून ते बदलतंय का पाहा. कर्नलकडे बदलतंय पण इथे नाही, असं असेल तर पाईपवायरसाठी उपकरणं आणि पोर्ट निवडणाऱ्या वायरप्लंबरने जुनी निवड धरून ठेवलेली असू शकते. तो आपली आठवण घरच्या फोल्डरमध्ये .लोकल, त्यात स्टेट, त्यात वायरप्लंबर अशा जागी ठेवतो. ते फोल्डर पुसू नका, नुसतं नाव बदला, आणि मग "सिस्टिमसीटीएल --युजर रीस्टार्ट वायरप्लंबर पाईपवायर पाईपवायर-पल्स" करा. कोरी आठवण तयार होते. यात आवाजाच्या पातळ्या आणि तुम्ही निवडलेलं डिफॉल्ट उपकरण पुन्हा लावावं लागतं.

अल्सामिक्सरमध्ये उजवीकडे टोकाला "ऑटो-म्यूट मोड" असतो. तो डिसेबल्ड असेल तर कर्नल आपला हात आखडता घेतो आणि पिन घातल्यावरही स्पीकर चालू राहण्याची शक्यता वाढते. वर-खालीच्या बाणांनी तो एनेबल्ड करा आणि "सुडो अल्साक्टीएल स्टोअर" ने जतन करा. जतन केलं नाही तर हाच बिघाड पुढच्या सुरुवातीला परत उभा राहू शकतो.

दुसरी खेप: ऑन आहे, पोर्टही बदललाय, आणि तरी शांतता

ही सगळ्यात चकवणारी होती. पिन घातली की हेडफोन जॅक ऑन, पॅव्हूकंट्रोलमध्ये पोर्ट "हेडफोन्स", खालची हिरवी पट्टी तानपुऱ्याच्या तालात हलतेय, अल्सामिक्सरमध्ये कुठेही एमएम नाही. कानात मात्र काहीच नाही. हेच हेडफोन मोबाइलला लावले तर स्वच्छ वाजत. आणि दोन दिवसांनी आपोआप सगळं ठीक व्हायचं, आठवड्याने परत बिघडायचं.

आपोआप ठीक होणाऱ्या बिघाडाचा माग लावायचा तर नोंद ठेवण्याला पर्याय नाही. मी ताईला एका वहीत फक्त तीन गोष्टी लिहायला सांगितल्या: लॅपटॉप कधी सुरू केला, त्याआधी बंद होता की रीस्टार्ट केला, आणि आवाज आला की नाही. तीन आठवड्यांची वही बघितल्यावर दिसलं की आवाज न येण्याचा प्रत्येक दिवस हा भाच्याने विंडोजमध्ये काम करून थेट रीस्टार्टने मिंटमध्ये आल्याचा दिवस होता.

रीस्टार्टमध्ये ऑडिओ चिपचा वीजपुरवठा तुटतोच असं नाही. विंडोजच्या ड्रायव्हरने चिपच्या खासगी रजिस्टरांत जे काही लिहून ठेवलं असेल ते तसंच राहतं. लिनक्सचा ड्रायव्हर सुरुवातीला आपल्याला माहीत असलेल्या किमती लिहितो, पण एखादं रजिस्टर त्याच्या यादीत नसेल तर जुनी किंमत तशीच शिल्लक राहते आणि हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर झोपलेलाच राहतो. वरून सगळं बरोबर दिसतं कारण वरच्या सगळ्यांच्या हिशोबाने ते बरोबरच असतं.

चाचणी सोपी आहे. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, अर्धा मिनिट थांबा आणि थेट लिनक्स सुरू करा. आवाज आला तर चोर सापडला. ताईच्या घरी उपाय म्हणजे एक सवय झाली: विंडोजमधून मिंटमध्ये येताना रीस्टार्ट नाही, शट डाउन. शिवाय विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद केलं, कारण ते चालू असताना विंडोजचं शट डाउन हे पूर्ण बंद होणं नसतं. त्याचा कर्नल डिस्कवर निजवून ठेवलेला असतो. विंडोजचं विभाजन (पार्टिशन) लिनक्समधून उघडायचं असेल तरीही फास्ट स्टार्टअप बंद असलेलं चांगलं.

याच जातीचा दुसरा बिघाड लॅपटॉप निजवून उठवल्यावर किंवा थोडा वेळ काही वाजवलं नाही की येतो. कर्नल वीज वाचवायला काही सेकंदांनी कोडेकला झोपवतो, आणि काही लॅपटॉपवर झोपलेला कोडेक पिन घातल्याचा निरोप धाडत नाही. खूण अशी: गाणं वाजत असताना पिन घातली तर ओळखतो, शांत असताना घातली तर नाही. पडताळायला "/सिस/मॉड्यूल/एसएनडी_एचडीए_इंटेल/पॅरामीटर्स/पॉवर_सेव्ह" या फाइलमध्ये रूट होऊन ० लिहा आणि पुन्हा करून बघा. फरक पडला तर "/इटीसी/मॉडप्रोब.डी" मध्ये .कॉन्फ शेवट असलेली फाइल करून "ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०" ही ओळ ठेवा. टीएलपी हे बॅटरी वाचवणारं साधन वापरत असाल तर हे त्याच्याच सेटिंगमध्ये करा, चार्जर आणि बॅटरी दोन्हींसाठी. नाहीतर चार्जर काढला-लावला की टीएलपी स्वतःची किंमत परत लिहितो आणि तुम्ही केलेलं पुसलं जातं. "काल केलं होतं, आज परत तेच" या तक्रारीमागे अनेकदा टीएलपी असतो.

कोडेक निरोप धाडतच नसेल तर कर्नलला सांगता येतं की तू स्वतःच ठरावीक वेळाने जाऊन बघ. त्याच मॉड्यूलचा "जॅकपोल_एमएस" हा पर्याय त्यासाठी आहे. १००० दिलं तर दर सेकंदाला तो विचारपूस करतो.

कर्नलला जॅक आहे हेच माहीत नसेल तेव्हा

हे ताईच्या लॅपटॉपवर झालं नाही, माझ्या एका जुन्या मशीनवर झालं, पण सांगायलाच हवं. नव्या मॉडेलवर लिनक्स टाकणाऱ्यांना हाच प्रकार बऱ्याचदा भेटतो.

"सुडो डीएमईएसजी" च्या उत्तरात "ऑटोकॉन्फिग फॉर" अशी ओळ शोधा. तिच्यापुढे कोडेकचं नाव असतं आणि खाली "एचपी_आउट्स=१" किंवा "एचपी_आउट्स=०". इथे शून्य असेल तर या लॅपटॉपला हेडफोनची जागाच नाही असं कर्नल समजून चाललाय.

त्याला हे सांगितलं कोणी? बायोसने, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना आधी चालणाऱ्या आतल्या प्रोग्रामने. कोडेकच्या प्रत्येक पिनसाठी (ही हेडफोनची पिन नव्हे, चिपवरची आवाज आत-बाहेर जाण्याची जागा) बायोस एक आठ अंकी सोळामान (हेक्साडेसिमल) संख्या लिहून ठेवतं. "/प्रॉक/एसाउंड/कार्ड०/कोडेक#०" या फाइलमध्ये प्रत्येक पिन कॉम्प्लेक्सखाली "पिन डिफॉल्ट" म्हणून ती दिसते. रिअलटेकच्या अनेक चिपांवर ०एक्स१४ हा स्पीकर आणि ०एक्स२१ हा हेडफोन असतो. समजा ०एक्स१४ पुढे ९०१७०११० लिहिलंय. पहिला ९ म्हणजे आतच कायमचं जोडलेलं, तिसरा १ म्हणजे स्पीकर, सहावा १ म्हणजे इथे पिन ओळखण्याची सोय नाही. आणि ०एक्स२१ पुढे ०३२११०२० असेल तर पहिला ० म्हणजे बाहेरचा जॅक, ३ म्हणजे डाव्या कडेला, २ म्हणजे हेडफोन, पुढचा १ म्हणजे साडेतीन मिलिमीटर, त्यापुढचा १ म्हणजे काळा रंग, सहावा ० म्हणजे पिन ओळखता येते. लॅपटॉप समोर घेऊन ही संख्या वाचायला लागलं की जॅक खरंच डाव्या कडेला आणि काळा निघतो, तेव्हा फार समाधान वाटतं. माझ्या मशीनवर ०एक्स२१ पुढे ४१११११एफ० होतं. त्याचा अर्थ इथे काहीही जोडलेलं नाही. जॅक डोळ्यांसमोर दिसत होता आणि बायोस म्हणत होतं नाही.

इथे कामाला येतं ते बायोसच्या संख्येऐवजी आपली संख्या द्यायचं साधन, एचडीएजॅकरीटास्क. उबंटू-मिंटमध्ये ते "अल्सा-टूल्स-जीयूआय" या पॅकेजमध्ये मिळतं. उघडून कोडेक निवडा, "शो अनकनेक्टेड पिन्स" वर खूण करा, ०एक्स२१ साठी ओव्हरराइड लावून "हेडफोन" निवडा. "अप्लाय नाऊ" बऱ्याचदा कार्ड व्यग्र असल्याचं सांगून नाकारतं, कारण पाईपवायरने ते धरलेलं असतं. त्यात अडकू नका, सरळ "इन्स्टॉल बूट ओव्हरराइड" करून रीस्टार्ट करा. जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर "रिमूव्ह बूट ओव्हरराइड" ने सगळं पूर्ववत होतं, म्हणून हे साधन मला ड्रायव्हरला लॅपटॉपच्या मॉडेलचं नाव अंदाजाने देण्यापेक्षा सुरक्षित वाटतं. अंदाजाने दिलेलं "मॉडेल=" लोक विसरतात आणि दोन वर्षांनी तेच नव्या अडचणीचं कारण होतं.

आणि सेटिंगमध्ये कार्डाऐवजी नुसतं "डमी आउटपुट" दिसत असेल तर जॅकचा विषय बाजूला ठेवा. नव्या इंटेल लॅपटॉपवर साउंड ओपन फर्मवेअरच्या फाइल नसल्या की असं होतं. डेबियन आणि उबंटूत "फर्मवेअर-सोफ-साइन्ड", फेडोरात "अल्सा-सोफ-फर्मवेअर" हे पॅकेज आहे का ते आधी बघा.

तिसरी खेप: पावसाळा

यंदा पावसात ताईचा तिसरा फोन आला. आता उलटं होतं: पिन नसतानाही लॅपटॉप म्हणे हेडफोन लावलेत, आणि स्पीकर बंद. ईव्हीटेस्ट चालवायला सांगितलं. पिन घातली, काढली, पुन्हा घातली. एकही ओळ नाही. अमिक्सर कायम ऑन. स्विच अडकलेला, हे फोनवरच कळलं.

समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरात चार महिने दमट खारी हवा असते. गणपतीत गेलो तेव्हा टॉर्च मारून जॅकच्या आत पाहिलं. मागच्या बाजूला राखाडी लोकरीचा बोळा होता, हेडफोनच्या पाउचमधलाच असावा, आणि एका पट्टीच्या कडेला हिरवट थर चढला होता.

साफ करताना लॅपटॉप पूर्ण बंद आणि चार्जर काढलेला हवा. मी आधी कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने हवा मारली, मग लाकडी टूथपिकने बोळा कडेकडेने ओढून काढला. टाचणी, सुई, यूपिन यांतलं काहीही घालू नका; पट्टी वाकली की ती परत सरळ होत नाही. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे दोन थेंब हेडफोनच्या पिनवरच लावून पिन वीसेक वेळा आत-बाहेर केली. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात हे मिळतं. घरातलं गंजावरचं तेल वापरू नका, त्याचा चिकट थर राहतो आणि त्यावर पुन्हा धूळ बसते. अर्धा तास वाळू दिलं.

ईव्हीटेस्टवर ० आला. पण पिन घालून जरा हलवली की १-०-१-० अशी सर लागायची. म्हणजे घाण गेली, पण पट्टीतला ताण गेला होता.

अशा वेळी जॅक बदलेपर्यंतची तात्पुरती सोय म्हणजे लॅपटॉपला पिन ओळखायला लावायचंच नाही. एचडीएजॅकरीटास्कमध्ये "अ‍ॅडव्हान्स्ड ओव्हरराइड" घेऊन हेडफोनच्या पिनचं जॅक डिटेक्शन "नॉट प्रेझेंट" केलं. मग कर्नल स्विचकडे बघत नाही, स्वतःहून स्पीकर बंद करत नाही, आणि पाईपवायरला दोन्ही पोर्ट सारखेच निवडण्याजोगे दिसतात. मग "पॅक्टीएल सेट-सिंक-पोर्ट" हा हुकूम @डिफॉल्ट_सिंक@ या नावासह दोन शॉर्टकटना बांधला: एक अ‍ॅनालॉग-आउटपुट-स्पीकर साठी, दुसरा अ‍ॅनालॉग-आउटपुट-हेडफोन्स साठी. ताईने कीबोर्डच्या बटणांवर "स्पी" आणि "हे" अशा चिठ्ठ्या चिकटवल्या आणि दोन महिने शिकवण्या बिनबोभाट चालल्या. हे नको असेल तर यूएसबीचं छोटं साउंड कार्ड लावा. ते स्वतंत्र कार्ड म्हणून येतं आणि बिघडलेल्या स्विचशी त्याचा संबंध राहत नाही.

मधेच एक वेगळी तक्रार आली होती, तीही सांगतो, कारण तिला लोक उगाच ड्रायव्हरचा दोष समजतात. ताई म्हणाली, "तबला, पेटी ऐकू येतेय, पण गाणारीचा आवाजच नाही!" तिने कपाटातले जुने मोबाइलचे इअरफोन लावले होते. चार कड्यांच्या पिनमध्ये दोन पद्धती आहेत. सध्याच्या सीटीआयए पद्धतीत टोकाकडून तिसरी कडी जमिनीची (ग्राउंडची) आणि चौथी मायक्रोफोनची असते. जुन्या ओएमटीपीमध्ये या दोन उलट. जमीन नीट जुळली नाही की दोन्ही कानांना डाव्या-उजव्या आवाजातला फरकच तेवढा ऐकू येतो. गाण्यात गळा बरोबर मध्ये ठेवलेला असतो, दोन्हीकडे सारखा, म्हणून तोच वजा होतो. पिन अर्धवट आत गेली तरीही असंच ऐकू येतं. आधी पिन पूर्ण दाबा, मग दुसरे इअरफोन लावून बघा.

दिवाळीच्या आधी जॅक बदलला. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हेडफोनचा जॅक यूएसबीच्या शेजारी एका वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो आणि तो बोर्डच बदलता येतो. ताईच्या लॅपटॉपमध्ये तसाच निघाला. दुकानात निघताना ताईने लॅपटॉपबरोबर कोरं मिंट असलेला माझा पेनड्राइव्ह नेला, आणि बोर्ड बसवून झाकण लावण्याआधी काउंटरवरच ईव्हीटेस्ट चालवून मला फोन लावला. दहा वेळा घातली, दहा वेळा काढली, एकही चूक नाही.

घरी आल्यावर मात्र पिन घातली तरी स्पीकर चालूच. ती घाबरली. मीच सांगायचं विसरलो होतो: ईव्हीटेस्ट तिने दुकानात माझ्या पेनड्राइव्हवरच्या कोऱ्या मिंटवरून चालवलं होतं आणि घरच्या मिंटवर माझं ओव्हरराइड अजून बसलेलं होतं. एचडीएजॅकरीटास्क उघडून "रिमूव्ह बूट ओव्हरराइड", मग शट डाउन, अर्धा मिनिट, पुन्हा सुरू. तिने पिन घातली आणि अमिक्सरची ओळ वाचून दाखवली: "व्हॅल्यूज, ऑन." काढली. "ऑफ. आणि स्पीकरवर तानपुरा लागला बघ." बटणांवरच्या चिठ्ठ्या तिने त्याच दिवशी काढून टाकल्या.